राख झाली म्हणजे शुद्ध कॉटन?

उन्हाळा आला की हा मेसेज फिरू लागतो: कुर्तीचा धागा जाळा, कागदासारखा वास येऊन मऊ राख झाली तर कापड शंभर टक्के सुती.

यातलं अर्धं बरोबर आहे. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक काळी गुठळी होते, म्हणून भेसळ ओळखायला ही परीक्षा चालते. पण रेयॉनसुद्धा कापसासारखंच जळतं, कारण दोन्ही सेल्युलोजच, म्हणजे झाडाझुडपांतला तंतुमय पदार्थ. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतं आणि तो विरघळवायला सहसा कार्बन डायसल्फाइड हे विषारी रसायन लागतं. ‘बांबू’ म्हणून विकलं जाणारं मऊ, झुळझुळीत कापडही बहुतेक वेळा रेयॉनच असतं. घाम तेही टिपतं. वापरायला वाईट नाही. फक्त सुती म्हणून जादा पैसे का मोजायचे?

फरक कळतो पाण्याने. शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडातून एक उभा आणि एक आडवा धागा काढा (दोन्ही, कारण काही कापडांत उभा धागा एका प्रकारचा आणि आडवा दुसऱ्याच प्रकारचा असतो). मधोमध ओला करून ताणा. रेयॉन ओलं झालं की कमजोर पडतं, धागा ओल्या जागीच पटकन तुटतो. सूत ओलं झाल्यावर उलट थोडं बळकट होतं. मिश्र धाग्यात मात्र ही परीक्षा फसू शकते.

दुकानात अर्थातच हे करता येत नाही. तिथे आतल्या शिवणीतलं लेबल वाचा. ‘कॉटन फील’ म्हणजे कॉटन नव्हे.