अपुऱ्या दिवसांचे बाळ : रुग्णालयानंतरची वाढ व आरोग्य

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ मुदतपूर्व, ३२ आठवड्यांच्या आतले अतिमुदतपूर्व आणि २८ आठवड्यांच्या आतले अत्यंत मुदतपूर्व मानले जाते. ‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ हा घरोघरी ऐकू येणारा समज निखालस चुकीचा आहे. फुप्फुसांतले वायुकोश मिटू न देणारे सर्फॅक्टंट ३४व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसे होते, त्यामुळे पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. मुदतीआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात तीही बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून. त्यावरचा लिगिन्स व हाउई यांचा न्यूझीलंडमधील अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला.

गोव्यात अशा बाळांच्या सरकारी उपचारांचे मुख्य ठिकाण म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. बाळ ‘पेटीत’ असेपर्यंत सगळे कुटुंब जिवाचे रान करते. ते घरी आले, वजन वाढू लागले, की तपासणीच्या तारखा चुकू लागतात. काणकोणहून किंवा सत्तरीतल्या आतल्या गावाहून बांबोळीला जाऊन यायचे तर दिवस मोडतो, हे खरेच आहे. तरीही एक तारीख कधीच चुकवू नये : डोळ्यांच्या पडद्याची.

अपुऱ्या वाढलेल्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसतो, बाळ रडत नाही, आईला काही कळत नाही. भारतात ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत करतात. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडदा पाहतात. गरज असेल तर लेसर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत द्यावे लागते. बाळाला नीट ऐकू येते का, हे पाहण्यासाठी बेरा ही चाचणी असते.

वाढ मोजताना जन्मतारीख नव्हे, अपेक्षित प्रसूतीची तारीख धरतात. २८व्या आठवड्यात जन्मलेले बाळ नऊ महिन्यांचे झाले, तरी त्याचे सुधारित वय सहाच महिने. ‘शेजारचे बसायला लागले, आमचे अजून नाही’ असे आजी म्हणते, तेव्हा आधी हा हिशेब तिच्यासमोर मांडावा. साधारण दोन वर्षांपर्यंत तो लागू असतो. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. दिवसातून किमान आठ तास, जमेल तितके जास्त, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाबा, आजीनेही धरायला हरकत नाही. आईचे दूध, डॉक्टरांनी दिलेले लोह व ‘ड’ जीवनसत्त्व, आणि सुधारित वयाच्या सहाव्या महिन्याच्या सुमारास मऊ पेज, नाचणीची पातळ तिझान. आंघोळीनंतरची धुरी आणि नाकात तेल सोडणे या दोन्ही गोष्टी या बाळांच्या नाजूक फुप्फुसांना घातक आहेत. पावसाळ्यात कपडे चुलीवर वाळवत असाल, तर त्या खोलीत बाळ नको. सर्दी झालेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवावे, मग तो कितीही जवळचा असो.

बहुतेक मुले चालतात, बोलतात, शाळेत जातात. काहींना मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) होतो. हातपाय ताठ राहणे, एकाच हाताचा वापर, मान उशिरा धरणे ही त्याची लक्षणे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्याखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशा मुलांना फिजिओथेरपी व वाचा उपचार मिळतात. लक्ष न लागणे, गणितात मागे पडणे यांसारख्या अडचणी मात्र पहिली-दुसरीतच उघड होतात. म्हणून डिस्चार्जचा कागद जपून ठेवावा आणि शाळेत नाव घालताना बाईंना दाखवावा.