सत्तर ग्रेन म्हणजे नेमके किती? : काळ्या दारूच्या काडतुसाची पार्श्वभूमी

नाशिकच्या नेमबाजांत काळ्या दारूच्या, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या बंदुकीच्या दारूच्या, रायफलींचा विषय निघाला की ‘45-70’ हे काडतुसाचं नाव आलंच, आणि त्याच्या पाठोपाठ गोंधळही. 45 म्हणजे इंचाचे 45 शतांश, गोळीचा व्यास. तिथे कुणी अडखळत नाही. घोळ होतो तो 70 वर, म्हणजे काडतुसातल्या 70 ग्रेन दारूवर. ‘ग्रेन’चं मराठी कुणीतरी ‘दाणे’ करून ठेवलं आहे आणि काळी दारू असतेही दाणेदार. पण सत्तर दाण्यांनी काडतुसाचा तळसुद्धा झाकणार नाही. ग्रेन हे वजन आहे.

आपल्याकडे ते समजायला सराफ बाजार पुरेसा आहे. तोळा 180 ग्रेनचा, म्हणजेच 96 गुंजांचा. म्हणजे 70 ग्रेन दारू सुमारे सदतीस गुंजा, साडेचार ग्रॅम. 1873 साली अमेरिकी सैन्याने हे काडतूस स्वीकारलं तेव्हा त्यापुढे 405 ग्रेनची शिशाची गोळी होती, बरोबर सव्वादोन तोळे. ओळखीच्या सराफकाकांकडे मी एकदा तेवढं शिसं काट्यावर कापून घेतलं. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, पण तळहातावर ठेवताच हात खाली जातो.

‘ड्राम’ हे दुसरं वजन त्याहून घातक. 1853 च्या एन्फिल्ड या ब्रिटिश रायफलीच्या कागदी काडतुसात, म्हणजे ज्याच्या चरबीवरून 1857 पेटलं त्यातच, अडीच ड्राम दारू असे. हा ड्राम 27.3 ग्रेनचा, म्हणजे एकूण 68 ग्रेन. औषधवाल्यांचा जुना ड्राम मात्र 60 ग्रेनचा. होमिओपॅथीची दोन ड्रामची बाटली मागणाऱ्या आपल्या लोकांना ड्राम ओळखीचा वाटतो, तेच वाईट. त्या मापाने अडीच ड्राम म्हणजे 150 ग्रेन, दुपटीहून जास्त. मराठीत बंदुकीबद्दल लिहिताना ड्राम हा शब्द वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पर्धेतली कसोटी 1874 ची. न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला 800, 900 आणि 1000 यार्डांवर आयरिश संघ ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायच्या, रायफली घेऊन उतरला, अमेरिकी संघ मागून काडतूस भरायच्या. निकाल 934 विरुद्ध 931. काडतुसाने ठासणीला हरवलं, असं तेव्हापासून लिहिलं जातं. मला ते पटत नाही. एका आयरिश नेमबाजाचा अचूक मध्यावर बसलेला बार शेजारच्या लक्ष्यावर गेला होता, त्याचे चार गुण शून्य धरले गेले. फरक तिनाचा. काडतूस ठासणीच्या बरोबरीला आलं, इतकंच त्या दिवशी सिद्ध झालं, आणि तेही थोडं नव्हतं.

मग बिनधुराची दारू आली. ब्रिटिशांचं .303 काडतूस सुद्धा 1888 मध्ये काळ्या दारूवरच सुरू झालं होतं, काही वर्षांत तेही बदललं. नंतर जवळजवळ शतकभर ही विद्या मूठभरांच्या हाती राहिली. 1980 च्या दशकात अमेरिकेत काळ्या दारूच्या काडतुसांनी लोखंडी प्राण्यांच्या आकृत्या पाडण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या, 500 मीटरवर मेंढा, आणि जुना आकडा पुन्हा छळू लागला. आजच्या पितळी कवचाचा बूड जाड असतो, आतली जागा कमी. 70 ग्रेन सहज मावत नाही. दारू भरायच्या लांब नळकांडीतून ती हळूहळू कवचात सोडून दाणे बसवावे लागतात, वर थोडं दाबावं लागतं. गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली की नेम तर जातोच, बंदुकीच्या नळीलाही धोका. म्हणून जाणकार 70 ला नाव मानतात, माप नाही. त्याच वजनाची बिनधुराची दारू भरली तर रायफल फुटेल.

बार झाल्यावर नळीत काजळी बसते. कोरड्या हवेत ती टणक होते, आणि आपला मार्च-एप्रिल आठवला तर ते लगेच पटेल. तिकडचे नेमबाज दोन बारांमध्ये एका नळीतून बंदुकीत श्वास फुंकतात. त्या ओलाव्याने काजळी मऊ राहते.

इथे हे सगळं वाचण्यापुरतंच. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बनवायलाही परवाना लागतो. इथली मुलं शिकतात ती एअर रायफल आणि .22 या छोट्या काडतुसाच्या रायफलीवर. पण हे .22 सुद्धा 1887 मध्ये काळ्या दारूचंच होतं, पाच ग्रेनचं. त्याच्या डबीवर आज ‘40 ग्रेन’ छापलेलं असतं. ते गोळीचं वजन आहे, दारूचं नव्हे.