रमण्यापासून लॉ कॉलेज रस्त्यापर्यंत: पुण्यातल्या संशोधनाची पार्श्वभूमी

डेक्कनवर रिक्षावाल्याला नुसतं ‘भांडारकर’ म्हटलं तर तो विचारतो, ‘रस्ता का इन्स्टिट्यूट?’ प्रश्न रास्त आहे, कारण भांडारकर संस्था भांडारकर रस्त्यावर नाही, ती लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. तिथून जवळच आघारकर संशोधन संस्था, आणि तिचा पत्ता गोपाळ गणेश आगरकर रस्ता. एक आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ, दुसरे आगरकर समाजसुधारक. एका ‘घ’चा फरक. पलीकडे गोखले अर्थशास्त्र संस्था, अलीकडे चित्रपट संग्रहालय. अर्ध्या तासाच्या पायी फेरीत महाभारताच्या पोथ्या, गव्हाची वाणं, दारिद्र्याचे आकडे आणि मूकपटांची रिळं भेटतात. एवढ्याशा टापूत हे सगळं कसं जमलं ते बघायचं तर पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यापासून, म्हणजे पेशवे जिथे दक्षिणा वाटत त्या आवारापासून, सुरुवात करावी लागते.

विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा मुळात तळेगावच्या दाभाड्यांची. ती पेशव्यांनी पुण्यात चालवली आणि तिचा खर्च लाखांत गेला. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. लोक बिथरले असते. रक्कम मात्र आटत गेली. त्यातल्याच पैशातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या मित्रांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. शहरात मोठा गहजब झाला. जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. सुधारकांचं म्हणणं अंशतः मान्य झालं आणि दक्षिणा प्राइझ कमिटी आली. त्यानंतर आल्या ‘दक्षिणा फेलो’च्या, म्हणजे या पैशातून वेतन मिळणाऱ्या अभ्यासकांच्या, जागा. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. विद्येचा पैसा कोणाचा आणि कशासाठी, हा वाद पुण्यात संशोधन सुरू होण्याच्या आधीपासूनचा आहे. तो अजून मिटलेला नाही असं माझं मत.

१८६६ पासून मुंबई सरकारने संस्कृत हस्तलिखितं शोधायची मोहीम काढली. ब्यूलर, कीलहॉर्न हे जर्मन पंडित आणि नंतर भांडारकर गावोगाव, मठामंदिरांतून, जैन भांडारांतून पोथ्या मिळवत गेले. हा सरकारी संग्रह डेक्कन कॉलेजात साचत होता. ६ जुलै १९१७ रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी हा संग्रह तिच्याकडे आला. मुख्य इमारतीला पैसा टाटांचा.

१९१९ मध्ये संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला, म्हणजे पोथ्या ताडून मूळ संहिता ठरवण्याला, हात घातला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी लाख रुपयांचं वचन दिलं. पण गाडी रुळावर आली ती १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाल्यावर. हा माणूस केंब्रिजला गणित शिकलेला, मग बर्लिनला संस्कृतकडे वळलेला. कामाची रीतही हिशेबी. मोठ्या तक्त्यावर वरच्या ओळीत श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. जिथे पाठ वेगळा, तेवढंच अक्षर भरायचं. शारदा, नेवारी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्या वाचणारी माणसं हे तक्ते भरत. काही काम तंजावरला आणि शांतिनिकेतनातही चाले. एकूण १,२५९ हस्तलिखितं वापरली गेली. या चाळणीत गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची गोष्ट मूळ संहितेतून गळून परिशिष्टात गेली. पुण्यासारख्या गणपतीच्या गावात हे झालं, आणि ते करणाऱ्यांनी घरी गणपतीही बसवला असेल! सुखठणकर १९४३ मध्ये गेले. बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्यांनी काम पुढे नेलं आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते ते पूर्ण झाल्याचं जाहीर झालं.

इतिहासाची गोष्ट वेगळ्या पेठेतली. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये जुन्या पत्रांचा पहिला खंड काढला, तो कोणाच्याही अनुदानाशिवाय. कागदांसाठी पायपीट केली, घरोघरी विनवण्या केल्या, बऱ्याच ठिकाणी दारं बंद झाली. १९१० मध्ये सरदार मेहेंदळ्यांबरोबर त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि पुढे त्याच मंडळाशी भांडून ते बाहेर पडले. पुण्यातल्या संस्थांचं हेही एक शास्त्र आहे.

सामाजिक धोरणाचा धागा गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजातून येतो. रावबहादुर काळ्यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. गाडगीळांनी अर्थशास्त्र ग्रंथालयातून काढून बांधावर नेलं. वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी, पुणे शहराची घरोघर पाहणी आणि मग गोदावरी-प्रवरा कालव्यांची. कालव्याचा फायदा मोजायचा तर सरकार पाणीपट्टी किती गोळा झाली तेवढंच बघे. गाडगिळांच्या १९४८ च्या अहवालाने पिकं, मजुरी, बाजारपेठ, गुळाचा नि साखरेचा धंदा असा सगळा अप्रत्यक्ष लाभही हिशेबात धरला. त्याच प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच गाडगीळ. पाहणी करणाऱ्याला पाहणीच्या गावात खुर्ची मिळाल्याचं उदाहरण विरळाच.

त्यांच्यानंतरचे वि. म. दांडेकर मूळचे संख्याशास्त्रज्ञ. १९७१ मध्ये त्यांनी आणि नीळकंठ रथ यांनी रोज माणशी २,२५० उष्मांक ही कसोटी धरून दारिद्र्य मोजलं. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. त्या मापाने तेव्हाची सुमारे ४० टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी जनता दारिद्र्यात निघाली. आकड्यावर पुष्कळ वाद झाले, पण ‘रेषा’ हा शब्द भाषणांत कायमचा बसला. दांडेकरांनी मराठी राजकारणाला आणखी एक शब्द दिला. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या त्यांच्या समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येक सभेत ‘अनुशेष’, म्हणजे विकासातली राहिलेली तूट, ऐकू येऊ लागला.

विज्ञानाबद्दल थोडक्यात. शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे. तरुणपणी सह्याद्रीत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधला, कलकत्त्याला वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी काढली. तिला त्यांचं नाव १९९२ मध्ये मिळालं. तिथल्या गहू-सोयाबीनच्या वाणांची नावं अजून ‘एमएसीएस’ या विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी आद्याक्षरांनीच सुरू होतात, म्हणजे बियाण्याच्या पिशवीवर जुनं नाव टिकलंय. हवामान खातं १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, त्याची आठवण ‘शिमला ऑफिस’ चौकात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची, विषाणू संशोधन केंद्र १९५२ चं. इथून पुढे देणगीदारांचं युग संपतं आणि दिल्लीचं अनुदान सुरू होतं.

हे सगळे कप्पे एकाच माणसात बघायचे असतील तर इरावती कर्वे. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी एक म्हणून त्या जास्त माहीत आहेत, त्याला इलाज नाही. बर्लिनला त्यांच्या मार्गदर्शकांची अपेक्षा होती, की कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक गोऱ्या वंशात वेगळा निघेल. इरावतींनी कवट्या मोजल्या आणि तसं काही नाही असा प्रबंध लिहिला. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं तेव्हा त्या तिथे आल्या. त्याच वर्षी पुरातत्त्वात हसमुख सांकलियाही आले. पुढे दोघांनी मिळून गुजरातेत लांघणजला उत्खनन केलं. इरावतींनी गावोगाव जाऊन माणसांची डोकी नि उंची मोजली आणि दाखवलं, की ‘कुंभार’ हे नाव एक असलं तरी त्याखालच्या पोटजाती एका मुळाच्या नाहीत. त्या पंढरीच्या वाटेवर दिंडीत चालल्या. महाभारतातल्या माणसांवर लिहिताना त्यांनी भांडारकर संस्थेची संहिता प्रमाण धरली. आणि शेवटी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. तो अहवाल १९६९ मध्ये आला, १९७० मध्ये त्या गेल्या. आता सांगा, ही कोणती शाखा?

एक गोष्ट खटकते. रमण्यापासून लॉ कॉलेज रस्त्यापर्यंत विषय बदलले, पैसा देणारे बदलले, संशोधकांची आडनावं फारशी बदलली नाहीत. शेतकरी, कारागीर, धरणग्रस्त संशोधनात आले ते बहुतेक पाहणीच्या पत्रकांत. विद्येचा पैसा कोणाचा, हा फुल्यांचा प्रश्न दक्षिणेच्या रकमेपुरता नव्हता.

कलांना या टापूत जागा मिळाली ती उशिरा. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये चित्रपट शिक्षणसंस्था आली आणि १९६४ मध्ये चित्रपट संग्रहालय. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी नाशिकला दादासाहेब फाळक्यांच्या घरच्यांकडून जुनी रिळं मिळवली. राजवाड्यांनी जसे दप्तरांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मिळवले, तसंच हे. जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये आग लागून अशी पुष्कळ रिळं गेली. बरोबर एका वर्षाने, जानेवारी २००४ मध्ये, भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि पोथ्या जमिनीवर विखुरल्या.

नदीपलीकडे येरवड्याला डेक्कन कॉलेजात अजून चिठ्ठ्यांचं काम चालू आहे. १९४८ मध्ये सुमित्र कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वावरच्या संस्कृत कोशाचा प्रकल्प सुरू केला. ऋग्वेदापासून पुढच्या साधारण दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपले, एका चिठ्ठीवर एक शब्द आणि त्याचा संदर्भ. अशा कोटीभर चिठ्ठ्या लोखंडी कपाटांच्या खणांत आहेत. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्यानंतर तीसहून अधिक खंड आले, आणि कोश अजून ‘अ’वर आहे.