कंटिन्जन्सी पीआयची, ओव्हरहेड संस्थेचा

मार्च उजाडला की आमच्या कॉलेजच्या लेखा विभागात एक प्रश्न हमखास येतो. "सर, कंटिन्जन्सी संपलीय. हे बिल ओव्हरहेडमध्ये टाकलं तर चालेल का?" विचारणारा बहुधा पहिलाच सरकारी संशोधन प्रकल्प मिळालेला तरुण प्राध्यापक असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उपकरणं, मनुष्यबळ, कन्झ्युमेबल्स, प्रवास या हेडचा, म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या शीर्षकांचा, अर्थ नावातच कळतो. कंटिन्जन्सी आणि ओव्हरहेड हे खालचे दोन मात्र 'वरखर्चाचे पैसे' वाटतात, आणि वरखर्च म्हणजे कुठेही वापरावा असा आपला घरचा हिशोब.

कंटिन्जन्सी हा प्रकल्पाचा थेट खर्चच आहे, फक्त आधी नावानिशी सांगता न आलेला. झेरॉक्स, स्टेशनरी, टपाल, अचानक निघालेली किरकोळ दुरुस्ती, बाहेरगावाहून कोरड्या बर्फात मागवलेल्या नमुन्यांचं कुरिअर. या पैशावर पीआयची, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाची, सही चालते आणि बिलावर बोट ठेवून सांगता येतं की हे याच प्रकल्पासाठी होतं. म्हणूनच पावतीही पीआयनेच जपायची.

ओव्हरहेडला असं बोट ठेवता येत नाही. तो यजमान संस्थेला मिळतो: इमारत, वीज, पाणी, ग्रंथालय, इंटरनेट, हिशोब ठेवणारी माणसं या सगळ्याचा जो भाग प्रकल्प वापरतो, त्याची ढोबळ भरपाई म्हणून. प्रकल्पावरच्या कर्मचाऱ्यांना संस्थेने द्यायच्या सुविधाही त्यातच धरतात. रक्कम संस्थेच्या खात्यात वर्ग होते आणि ती कशी खर्चायची हे संस्था ठरवते. काही ठिकाणी त्यातला थोडा वाटा विभागाला किंवा पीआयला परत देण्याचं धोरण असतं. ते असलं तर नशीब, पण तो हक्क नव्हे.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर नमुने उणे ऐंशी अंशांवर ठेवणारा डीप फ्रीझर बघा. तो विकत घेतला उपकरणांच्या हेडमधून, आतल्या ट्यूब कन्झ्युमेबल्समधून, आणि दाराचं रबर फाटलं तर दुरुस्ती कंटिन्जन्सीतून. पण तो रात्रंदिवस खातो ती वीज? दिवसाला बारा युनिट धरा, दहा रुपये युनिट धरा: वर्षाला सुमारे ४४ हजार, तीन वर्षांत सव्वा लाखाच्या वर. त्याला वेगळा मीटर नाही. बिल अख्ख्या इमारतीचं येतं आणि कॉलेज भरतं. ओव्हरहेड आहे तो याच्यासाठी. 'कॉलेज काही न करता दहा टक्के खातं' असं म्हणणाऱ्यांना मी आधी या फ्रीझरपाशी नेतो.

हे न कळल्याने एकदा पंचाईत झाली होती. एका पीआयने प्रयोगशाळेच्या विजेचा अंदाजे वाटा काढून तो कंटिन्जन्सीतून कॉलेजला भरला, अगदी प्रामाणिकपणे. ऑडिटरने तो खर्च नामंजूर केला, कारण विजेपोटी कॉलेजने ओव्हरहेड आधीच घेतला होता. एकाच खर्चाचे सरकारकडून दोनदा पैसे घेता येत नाहीत. पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (जीएफआर १२-अ हा फॉर्म) पुन्हा करावं लागलं आणि अनुदानाचा पुढचा हप्ता तेवढा लांबला.

दर किती? विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या प्रकल्पांत शैक्षणिक संस्थांना साधारण १० टक्के ओव्हरहेड, केंद्र सरकारच्या प्रयोगशाळांना ८ टक्के, अशी रीत बरीच वर्षं आहे. मोठ्या प्रकल्पांत टक्केवारीऐवजी ठरावीक कमाल रक्कम येते.

अमेरिकेत पोस्टडॉक करून परतलेली मंडळी हे आकडे ऐकून हसतात. "तिकडे आमच्या विद्यापीठाचा दर साठ टक्के होता!" खरं आहे, पण तिथेही एक घोटाळा होतो: दर म्हणजे वाटा नव्हे. साठ टक्के लागतात ते थेट खर्चावर, तेही महागडी उपकरणं आणि विद्यार्थ्यांची फी अशा गोष्टी वगळून उरलेल्या खर्चावर. काहीच वगळलं नाही असं धरलं तरी १०० डॉलर थेट खर्चावर ६० अप्रत्यक्ष, म्हणजे ओव्हरहेड. एकूण १६०, म्हणजे अनुदानातला वाटा साडेसदतीस टक्के. फेब्रुवारी २०२५मध्ये तिथल्या एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेने) हा दर सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्या गदारोळात दर आणि वाटा यांची सरमिसळ सर्रास झाली. तिकडचा वाटा वाटतो तितका मोठा नसतो हे मान्य, पण आपल्या दहा टक्क्यांत फ्रीझरसारख्या सगळ्या खर्चाची भरपाई कशीबशीच होते, हेही खरंच.

आपल्याकडे आकडा लहान, तरी हीच गफलत प्रस्ताव लिहितानाच होते. अनुदानाच्या जाहिरातीत '३० लाख अधिक ओव्हरहेड' असेल तर दहा टक्क्यांनी तीन लाख वर मिळतात, एकूण ३३ लाख, आणि तुमच्या कामाला पूर्ण ३० राहतात. 'ओव्हरहेडसह ३० लाख' असेल तर कामाला उरतात सुमारे २७ लाख २७ हजार, कारण दहा टक्के या २७ लाख २७ हजारांवर बसतात, तिसावर नाही. तिसाचे दहा टक्के काढून २७ लाखांवर बजेट थांबवलेला एक प्रस्ताव मागच्या आठवड्यात माझ्या टेबलावर आला. सत्तावीस हजार रुपये त्याने मागितलेच नव्हते. मी ते कंटिन्जन्सीत घालायला सांगितले.