मेकॅनिकलची पदवी, सॉफ्टवेअरची नोकरी : ही फारकत आली कुठून?

महाराष्ट्रात इंजिनिअर झालेल्या माणसाची ब्रँच कळली म्हणून तो सध्या काय काम करतो याचा अंदाज बांधता येत नाही. सिव्हिलवाला बँकेत असतो, प्रॉडक्शनवाला हिंजवडीत सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो आणि इलेक्ट्रॉनिक्सवाला नायब तहसीलदार होऊन तालुक्याला बसतो. घरोघरी याचं स्पष्टीकरण ठरलेलं असतं. मुलाला आपली आवड कळली नाही, पालकांनी ढकललं, शेवटी पोरानं आपलं आपण सावरलं. एखाद्या घरापुरतं ते खरंही असेल, पण दोन-तीन पिढ्यांतली लाखभर मुलं एकाच दिशेने शाखा सोडतात तेव्हा आवडीनिवडीच्या पलीकडे बघायला हवं. कॉलेजातल्या जागा कोणी उघडल्या, कधी आणि कोणासाठी, इथून सुरुवात केली की चित्र बरंच स्पष्ट होतं.

शिक्षण आणि नोकरी अगदी नेमकी जुळली होती असाही एक काळ होता. १८५४ मध्ये पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. आजचं सीओईपी ते हेच. मुंबई-ठाणे रेल्वे धावायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. रस्ते, पूल, कालवे यांची कामं निघत होती आणि सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची शिकलेली माणसं हवी होती. शिकवणार सरकार आणि नोकरी देणारही सरकार, त्यामुळे अभ्यासक्रम आणि काम यांत अंतर पडायला जागाच नव्हती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच कॉलेजातून १८८३ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले. ज्याला माणूस हवा, त्यानेच शाळा काढलेली.

बीएच्या पदवीचं मात्र पहिल्यापासून वेगळं होतं. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. शेक्सपिअर, तर्कशास्त्र, गणित शिकून मुलगा मामलेदार कचेरीत किंवा कोर्टात चिकटायचा. तिथे त्याला शेक्सपिअर कोणी विचारत नव्हतं. या माणसाला इंग्रजी येतं आणि तो अवघड परीक्षा पास होऊ शकतो, एवढंच पदवी सांगायची. म्हणजे पदवी हे एखाद्या कामाचं शिक्षण नसून दारातून आत सोडणारं तिकीट आहे, ही समजूत आपल्याकडे आयटीच्याही दीडशे वर्षं आधीची. टिळकांनी बीएला गणित घेतलं होतं, नंतर ते एलएलबी झाले, आणि उभं आयुष्य शाळा, वर्तमानपत्र आणि राजकारण यांत गेलं. त्यांनी ‘फील्ड बदललं’ असं त्या काळी कोणाच्या मनातही आलं नसेल.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट याहून बोलकी आहे. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर चित्रकला सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. त्या जोरावर व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, मग बेळगावात सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटत असल्याने नांगर खपायला वेळ लागला, हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यात यंत्रांचं औपचारिक शिक्षण न घेतलेल्या माणसाने महाराष्ट्राला यंत्रं करायला शिकवलं हे जास्त महत्त्वाचं वाटतं. पण अशी उदाहरणं देऊन आजच्या मुलांना धीर देण्याची जी पद्धत आहे ती मला पटत नाही. किर्लोस्कर एक होते. आज प्रश्न घाऊक आहे.

स्वातंत्र्यानंतर धरणं, पोलाद आणि वीज यांचं नियोजन आलं आणि अभियंता हा देश उभारणारा माणूस ठरला. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेलं, पुढे वालचंद कॉलेज म्हणून ओळखलं गेलेलं महाविद्यालय, पवईची १९५८ ची आयआयटी, नागपूरचं प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्या उमेदीची अपत्यं. १९६२ मध्ये एमआयडीसी आली आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले. तरीही १९६६-६७ च्या मंदीने अभियंत्यांनाही बेकारीचा अनुभव दिलाच. अभियांत्रिकीच्या जागा काही काळ कमी कराव्या लागल्या. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा मुळात कारागिरांसाठी होता. १९७३ मध्ये दुरुस्ती करून त्यात पदवी-पदविकाधारक अभियंतेही घेतले गेले, यावरून परिस्थितीची कल्पना येते. म्हणजे ‘इंजिनिअर आहे पण काम नाही’ हे ऐंशीच्या दशकाआधीच घडून गेलं होतं. पुढे जे झालं ते हे माहीत असूनही झालं.

पुढे झालं ते १९८३ मध्ये. तोवर राज्यात अभियांत्रिकीच्या जागा मोजक्या होत्या. थोडक्या गुणांनी प्रवेश हुकलेली सधन घरातली मुलं कर्नाटकात जायची, कारण तिथे देणगी घेऊन प्रवेश देणारी खासगी कॉलेजं आधीच चालू होती. महाराष्ट्राचा पैसा शेजारी का जाऊ द्यायचा, हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांपुढचा व्यवहारी प्रश्न होता. त्यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. सरकार पगाराला पैसे देणार नाही, संस्थेने फीवर भागवायचं. पुण्यात एमआयटी, पीआयसीटी, व्हीआयटी, भारती विद्यापीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय, कोल्हापुरात केआयटी, इस्लामपूरजवळ राजारामबापू, नगर जिल्ह्यात लोणीला प्रवरा ही सगळी त्या एका वर्षाची कॉलेजं.

नावं आणि ठिकाणं पाहिली तर एक गोष्ट लगेच जाणवते. यांतली बरीच कॉलेजं साखर कारखान्यांच्या, दूध संघांच्या, सहकारी बँकांच्या सावलीत उभी राहिली. ग्रामीण नेतृत्वाकडे जमीन होती, भांडवल होतं, संस्था चालवायची सवय होती. ‘शिक्षणसम्राट’ ही उपाधी तेव्हापासून रुळली, आणि ती उपरोधानेच वापरली गेली. देणग्यांचे आकडे कुजबुजीत सांगितले जायचे, जमिनी विकल्या जायच्या. १९८७ च्या कायद्याने देणगीवर बंदी आली, १९९३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या उन्नीकृष्णन निकालाने ‘फ्री’ (सरकारी फीच्या) आणि ‘पेमेंट’ (जास्त फीच्या) अशा जागा वाटून दिल्या, २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती वाटणी मोडली. तो इतिहास स्वतंत्र आहे. १९८३ च्या त्या निर्णयाला नुसती नावं ठेवणंही बरोबर नाही. ज्या तालुक्यात हायस्कूलनंतर डी.एड. किंवा शेती एवढेच पर्याय होते तिथल्या मुलाला घरापासून तीस किलोमीटरवर इंजिनिअरिंगचं कॉलेज मिळालं. मुलीही त्यामुळेच मोठ्या संख्येने या शिक्षणात आल्या.

पण या जागा कोणासाठी उघडल्या होत्या? बांधकाम खात्याने मागणी केली नव्हती, कारखान्यांनीही केली नव्हती. मागणी पालकांची होती. पालकाला चार वर्षांनंतरचा रोजगार दिसत नाही, त्याला शेजारच्याचा मुलगा दिसतो. १८५४ मध्ये शाळा काढणाराच नोकरी देणार होता. १९८३ मध्ये शाळा काढणाऱ्याचा आणि नोकरी देणाऱ्याचा संबंध सुटला. शाखा आणि काम यांच्यातली आजची फारकत मला या एका फरकात सापडते.

ती लगेच उघडी पडली नाही, कारण मधे सॉफ्टवेअर आलं.

या उद्योगाचे पहिले लोक स्वतःच दुसऱ्या शाखेचे होते. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या टीसीएसला आकार देणारे फकीरचंद कोहली विद्युत अभियंता होते आणि टाटांच्या वीज कंपनीतून आले होते. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू करणारे नारायण मूर्ती आणि नंदन निलेकणी दोघेही इलेक्ट्रिकलचे. संगणकाची शाखाच नवी होती, तिच्या जागा थोड्या होत्या, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. त्यांनी कोड लिहिणारी माणसं घडवता येतात हे स्वतःवरून पाहिलं होतं आणि भरतीची पद्धत त्यावरच बेतली.

नव्वदच्या दशकात पुण्याला सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आला. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा डिप्लोमा करायला राज्यभरातून मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलं येऊ लागली, आणि शतक संपता संपता वायटूके उभं राहिलं. जुन्या कोबॉल प्रोग्राममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं. २००० साल उजाडण्याआधी अशा कोट्यवधी ओळी तपासायच्या होत्या. या कामाला प्रतिभा लागत नव्हती. चिकाटी, इंग्रजी आणि डोकी लागत होती, आणि डोक्यांच्या संख्येवरच परदेशी ग्राहकाला बिल लागायचं. कॅम्पसला आलेल्या कंपनीची परीक्षा काय असायची हे त्या पिढीला पाठ आहे. दहावीपासून साठ टक्के, एकही बॅकलॉग नाही, मग आकडेमोड, कोडी, इंग्रजी उतारा, आणि शेवटी एचआर. थर्मोडायनॅमिक्सचा एकही प्रश्न नाही. निवड झाली की काही महिने ट्रेनिंग, तिथे सिव्हिल आणि कंप्युटरवाले एकाच बाकावर सी आणि जावा शिकणार.

मग बीएस्सी झालेल्याला का घेत नव्हते? गणितात एमएस्सी झालेला मुलगा बहुधा बरा प्रोग्रामर झाला असता. यामागे एक कारण सहसा बोललं जात नाही, ते म्हणजे व्हिसाचं. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसा आला. त्याला तिथल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची पदवी लागते. आपली बीई चार वर्षांची, बीएस्सी तीन. तीन वर्षांच्या पदवीवर अनुभवाचे दाखले जोडून खटपट करावी लागायची. ज्या कंपनीला माणसं अमेरिकेत पाठवून पैसे मिळवायचे आहेत तिच्यासाठी बीई सोपी होती, मग ती टेक्स्टाइलची का असेना. काही कंपन्यांनी पुढे बीएस्सीवाल्यांसाठी वेगळी भरती सुरू केली, पण तोपर्यंत आयटीसाठी इंजिनिअरिंग हे समीकरण गावोगाव पोचलं होतं.

दुसऱ्या बाजूला कारखान्यांकडेही पाहायला हवं. शॉपफ्लोअरवर मालकाला डिप्लोमा आणि आयटीआयवाला परवडायचा. पदवीधराला ट्रेनी म्हणून घेतलं तरी पगार आयटीच्या निम्म्याने, शिफ्ट तीन, आणि कायम होण्याची खात्री नाही. ज्याला खरंच मशीनची आवड होती असाही मुलगा चाकणहून हिंजवडीला गेला, त्यात त्याची चूक शोधण्यात अर्थ नाही. त्याच्या मनातली आवड कमी पडली असं म्हणणाऱ्यांनी त्या दोन ऑफर लेटरांवरचे आकडे शेजारी ठेवून बघावेत.

मात्र आयटीनेही सगळ्यांना सामावून घेतलं नाही. २००५ मध्ये आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉम आणि सल्लागार कंपनी मॅकिन्झी यांच्या अहवालाने तंत्रशिक्षित पदवीधरांपैकी साधारण चौथा हिस्साच या उद्योगाच्या कामाचा आहे असं म्हटलं आणि खळबळ उडाली. २००८-०९ च्या मंदीत निवड झालेल्या मुलांच्या रुजू होण्याच्या तारखा लांबल्या. याच सुमारास दुसरा रस्ता रुंद झाला, तो स्पर्धा परीक्षांचा. २०११ पासून सरकारी बँकांची भरती आयबीपीएसच्या सामायिक परीक्षेतून होऊ लागली. त्याच वर्षी यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सीसॅट हा कल तपासणारा पेपर आला आणि नंतर एमपीएससीनेही त्याचं अनुकरण केलं. तर्क, आकडे आणि उताऱ्यांवरचे प्रश्न ही बीईवाल्यांची घरची खेळपट्टी. सदाशिव पेठ आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत, मेसच्या डब्यावर वर्षं काढणाऱ्यांत इंजिनिअरांचं प्रमाण तेव्हापासून डोळ्यांत भरण्यासारखं झालं. कला शाखेची मुलं यावर चिडली, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो, कारण ज्या सेवांसाठी इतिहास-राज्यशास्त्र शिकून ती आली होती त्यांच्या दारातच त्यांना गणिताने अडवलं. २०१५ मध्ये यूपीएससीने सीसॅट फक्त पात्रतेपुरतं केलं, ते देशभरच्या आंदोलनांनंतर.

इंजिनिअरिंगबाहेरही असंच घडलं. डी.एड. कॉलेजं दोन हजारच्या दशकात भसाभस निघाली, २०१२ नंतर शिक्षकभरती थंडावली, आणि हजारो प्रशिक्षित शिक्षक दुकानांत, शेतात, खासगी क्लासमध्ये विखुरले.

शाळेच्या पातळीवर उपाय म्हणून २०१६ मध्ये दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली. चाचणी चांगल्या हेतूने घेतली गेली, पण निकालात ‘कला’ किंवा ‘गणवेशधारी सेवा’ असं आलेला मुलगा अकरावीला विज्ञानालाच गेला, कारण तालुक्याच्या गावी शिकवण्या फक्त विज्ञानाच्याच होत्या. काही वर्षांत ती बंद पडली. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात तीनपैकी एक शाखा कायमची निवडायची ही आपली रचना मात्र तशीच राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुसरा गौण विषय घ्यायची सोय ठेवली आहे. तिचा उपयोग प्रत्येक कॉलेजात शिकवायला कोण आहे यावर ठरणार.

मधल्या काळात अभियांत्रिकीच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, कॉलेजं बंद झाली, आणि २०२० मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने नव्या कॉलेजांना परवानगी देणं थांबवलं. २०२३ मध्ये ती बंदी उठली. पाठोपाठ एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादा चांगल्या संस्थांसाठी काढून टाकली गेली. परिणाम लगेच दिसला. कंप्युटर, आयटी, आर्टिफिशियल इंटेलिजन्स, डेटा सायन्स अशा नावांच्या तुकड्या वाढल्या, सिव्हिल आणि प्रॉडक्शनच्या आटल्या. हे घडत असताना आयटी कंपन्यांची फ्रेशर भरती २०२२ नंतर मंदावलेली होती, आणि सुरुवातीचा पगार दहा-बारा वर्षांपूर्वी होता त्याच साडेतीन लाखांच्या आसपास अडकलेला होता. मेट्रो, महामार्ग आणि पुलांची कामं घेणारे कंत्राटदार तर साइटवर उभा राहील असा सिव्हिलचा माणूस शोधत आहेत. वर्कशॉपमधली लेथ मशीन कडेला सरकवून तिथे कंप्युटर लॅब थाटली जाते आहे, आणि अनेक कॉलेजांत मेकॅनिकलचे प्राध्यापक सुट्टीत पायथॉनचे वर्ग करून जूनपासून तेच शिकवायला उभे राहत आहेत.