बुधवारच्या डब्यातला बटाटा

रविवारी दुपारी ओट्यावर पाच डबे मांडायचे, प्रत्येकात भात, उसळ आणि एखादी भाजी भरायची आणि फ्रीजरमध्ये रचून ठेवायचे. मग शुक्रवारपर्यंत ऑफिसातून आल्यावर कुकर लावायची कटकट नाही. हा बेत पहिल्यांदा केला तेव्हा उत्साहाच्या भरात मटकीच्या उसळीत बटाट्याच्या फोडीही घातल्या. बुधवारी डबा गरम केला. मटकी जशीच्या तशी होती. बटाट्याची फोड चमच्याने दाबली तर स्पंजासारखी चेपली, तिच्यातून पाणी निथळलं आणि ताटलीत उरला एक चिवट, रबरी तुकडा. मसाला तोच, डबा तोच, फ्रीजर तोच. मग बटाट्यानेच दगा का द्यावा?

फ्रीजरमध्ये गोठतं ते पदार्थातलं पाणी. बटाट्यात ते ८० टक्क्यांच्या आसपास असतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं (काठोकाठ भरलेली काचेची बरणी फ्रीजरमध्ये तडकते ती यामुळेच) आणि त्याचे टोकदार स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात. उकडलेल्या बटाट्यात आणखी एक भानगड होते. शिजताना स्टार्चने पाणी पिऊन जेलीसारखं रूप घेतलेलं असतं. गोठताना तेच पाणी बाहेर पडून बर्फाला जाऊन मिळतं, मागे राहिलेल्या स्टार्चच्या साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात आणि बर्फ वितळला तरी पाण्याला परत आत घेत नाहीत. मटकीचं तसं नाही. शिजल्यावरही तिच्या पेशी बऱ्याचशा अखंड राहतात आणि स्टार्च त्यांच्या आत कोंडलेलं असतं. राजमा, छोले, चवळी, मसूर ही सगळी मंडळी फ्रीजरमध्ये सुखाने नांदतात ती याच जोरावर.

बटाट्याच्या या खोडीचा उपयोग करून घेणारेही आहेत. पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतातले शेतकरी बटाटे रात्रीच्या कडाक्यात उघड्यावर गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. हा त्यांचा ‘चुन्यो’ वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या डब्यात मात्र बटाटा नकोच.

आता गोठण्याच्या वेगाबद्दल. पदार्थातलं बहुतेक पाणी उणे १ ते उणे ५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात गोठतं. या पट्ट्यात पदार्थ रेंगाळला तर मोजकेच पण मोठाले स्फटिक तयार होतात. झपाट्याने पार झाला तर असंख्य बारीक स्फटिक होतात आणि पेशींची नासधूस कमी होते. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस १९१२च्या सुमारास कॅनडातल्या लॅब्राडोरला गेला होता. उणे ४० अंशांच्या थंडीत इन्युइट लोकांनी पकडलेले मासे क्षणात लाकडासारखे कडक होत आणि महिन्यांनी शिजवले तरी ताजे लागत, हे त्याने तिथे पाहिलं. पुढे त्याने थंडगार धातूच्या पट्ट्यांमध्ये अन्न दाबून गोठवण्याचं यंत्र बनवलं आणि मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत असं गोठवलेलं अन्न विक्रीला आलं.

घरच्या फ्रीजरचं तापमान असतं उणे १८ च्या आसपास, तेही आत ताण नसेल तेव्हा. आणि ताण आपण केवढा देतो! एक किलो पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणताना जेवढी उष्णता काढावी लागते, जवळपास तेवढीच ते शून्यावरच राहून त्याचा बर्फ होताना काढावी लागते. पाच कोमट डबे एकदम आत ढकलले की बिचारा कॉम्प्रेसर धापा टाकतो, शेजारचे जुने डबे थोडे सैलावतात आणि पुन्हा गोठताना त्यांच्यातले स्फटिक आणखी मोठे होतात. उपाय म्हणजे जाडी कमी करणं. थर निम्मा केला तर गोठायचा वेळ निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून मी आता उसळ गोल वाडग्यात न भरता पिशवीत चपटी पसरून स्टीलच्या ताटलीवर आडवी ठेवते. गोठली की पाटीसारखी उभी रचता येते, जागाही वाचते.

भाताबद्दल दोन गोष्टी, दोन्ही उलट्या वाटणाऱ्या. भात फ्रीजच्या खालच्या कप्प्यात जितका पटकन कडक होतो तितका फ्रीजरमध्ये होत नाही. स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जुळून कडक व्हायला ४ अंशांच्या आसपासचं तापमान फार मानवतं. फ्रीजरमध्ये त्यांना हलताच येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, भात पूर्ण गार व्हायची वाट पाहत दिवसभर ओट्यावर ठेवू नये. याचं कारण गंभीर आहे. ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे बीजाणू कुकरमधूनही तगून निघू शकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात आणि असं विष सोडतात जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. फ्रीजर जिवाणूंना झोपवतो, मारत नाही, आणि आधीच तयार झालेल्या विषाला तर हातही लावत नाही. भात परातीत पसरावा, पंख्याखाली वाफ जाऊ द्यावी आणि दोन तासांच्या आत थंडीत जाऊ द्यावा.

हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की ते उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून, गार पाण्यात टाकून मग गोठवायची पद्धत घरोघरी आहे. त्यामागचं कारण म्हणजे विकरं, म्हणजेच एन्झाइम्स. उणे १८ अंशांनाही ती कूर्मगतीने काम करत राहतात आणि कच्च्या मटाराला गवताचा वास येतो. उकळत्या पाण्याने ती निकामी होतात. काकडी, कच्चा कांदा, दह्याची कोशिंबीर यांना मात्र कुठलाच उतारा नाही. त्या आयत्या वेळीच कराव्यात. पनीर भुसभुशीत होतं, पण रश्श्यात खपून जातं.

राहिलं गरम करणं. बर्फाची उष्णतावहनाची क्षमता पाण्याच्या जवळजवळ चौपट असते. त्यामुळे गोठताना बाहेरचा बर्फाचा थर आतली उष्णता चटकन बाहेर सोडतो, पण वितळताना बाहेर पाणी आणि आत बर्फ अशी उलटी मांडणी होते आणि काम रखडतं. मायक्रोवेव्हमध्ये तर आणखी गंमत. त्या लहरी पाण्यात जशा मुरतात तशा बर्फात मुरत नाहीत. एखादा कोपरा आधी वितळला की सगळी ऊर्जा तोच गिळतो. म्हणून कडेचा रस्सा खदखदतो आणि मधोमध बर्फाचा खडा तसाच असतो. डबा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवणं, किंवा कमी पॉवरवर थांबत-थांबत, मध्ये ढवळत गरम करणं, हे त्यावरचे मार्ग.

आणि ज्यांच्याकडे वीज तासन्‌तास जाते त्यांच्यासाठी: एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवावं आणि वाटी फ्रीजरमध्येच असू द्यावी. गावाहून परत आल्यावर नाणं वरच दिसलं तर ठीक. बर्फाच्या तळाशी सापडलं, तर डबे न उघडता टाकून द्यावेत.