चुकलेली पारख (कथा आणि नाटक)

चुकलेली पारख : कथा, कादंबरी वा नाटकात एखाद्या पात्राविषयी सुरुवातीला झालेले मत पुढे साफ खोटे ठरते, ती रचना. साळसूद दिसणारा घात करतो, तुसडा वाटणारा ऐन वेळी पाठीशी उभा राहतो. फसते कधी कथेतले दुसरे पात्र, कधी वाचक, कधी दोघेही. वेषांतराशी हिचे नाते जवळचे असले तरी दोन्ही एक नव्हेत. वेषांतरात पात्र जाणूनबुजून रूप बदलते. चुकलेल्या पारखीत पात्राने काहीच लपवलेले नसू शकते. पाहणाराच आपल्या समजुती त्याच्यावर लादून मोकळा होतो. ठाणे आणि नवी मुंबईतली तीन नाट्यगृहे ज्यांच्या नावाने ओळखली जातात, त्या तिघांच्या कामातून या रचनेचा मराठी रंगभूमीवरचा प्रवास बराचसा ध्यानात येतो, म्हणून या नोंदीत त्यांना जास्त जागा दिली आहे.

जुनी उदाहरणे

रामायणात सोन्याच्या हरणाचे रूप घेतलेला मारीच आणि संन्याशाच्या वेषातला रावण एकापाठोपाठ येतात. हरीण दिसताच हा मारीच असावा, असे लक्ष्मण बोलून दाखवतो. म्हणजे धोका ऐकणाऱ्याला आधीच कळलेला असतो, आणि तरीही मोह जिंकतो. महाभारताच्या विराटपर्वात भीम बल्लव या नावाने मुदपाकखाना सांभाळतो, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवतो, द्रौपदी सैरंध्री म्हणून राणीच्या सेवेत राहते. कीचकाला ती द्रौपदी आहे हे कळत नाही, पण त्याचा घात तेवढ्याने होत नाही. आपले पाच गंधर्व पती रक्षणाला आहेत, असे तिने त्याला बजावलेले असते. दासीला कोणी वाली नसतो, हा त्याचा समज त्याला भोवतो.

पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली मुंगसाची गोष्ट या प्रकाराचा नमुनाच मानावी लागेल. बाळाला चावायला आलेल्या सापाला मुंगूस मारते आणि रक्ताळलेल्या तोंडाने आनंदाने दाराशी येते. ते रक्त बाळाचेच, असे समजून बाळाची आई पाण्याचा घडा त्याच्यावर टाकते. रक्त खरे होते, तोंड त्याचेच होते. दिसलेल्यात खोटे काहीच नव्हते. चुकला तो अर्थ. गोष्ट एवढीशी असली तरी पुढच्या काळातल्या मोठमोठ्या कादंबऱ्यांनी हेच केले आहे.

चौदाव्या शतकातल्या चोखामेळ्याचा 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा' हा अभंग आजही सुभाषितासारखा वापरला जातो. तसा वापरताना एक गोष्ट विसरली जाते. जातीमुळे ज्याला देवळाच्या बाहेर उभे राहावे लागले, त्याचे हे शब्द आहेत. वरच्या रंगावरून माणूस तोलला जातो, हा त्याचा रोजचा अनुभव होता. या विषयावरचे मराठीतले सर्वांत खोल विधान अजून हेच आहे.

रचना कशी चालते

सारा भार पुराव्याच्या मांडणीवर असतो. पात्राचे खरे रूप कळल्यावर वाचक मनातल्या मनात मागची पाने उलटतो. तिथे खुणा सापडल्या तर त्याला आपली चूक मान्य होते; नाही सापडल्या तर लेखकाने फसवल्याची भावना होते आणि ती रास्त असते. म्हणून ही रचना प्रामाणिक आहे की नाही, हे दुसऱ्या वाचनातच ठरते.

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीत हे फार जवळून पाहता येते. गावातल्या नाचाच्या कार्यक्रमात डार्सी एलिझाबेथबरोबर नाचायचे टाळतो आणि तिच्या दिसण्याविषयी तिला ऐकू जाईल असे हलके बोलतो. पुढे विकहॅम नावाचा देखणा, गोड बोलणारा अधिकारी भेटतो आणि डार्सीने आपल्यावर अन्याय कसा केला, हे सविस्तर सांगतो. तिला ते लगेच पटते. वाचकालाही पटते. नंतर डार्सीचे पत्र हाती पडल्यावर तिला आठवू लागते : पहिल्याच ओळखीत परक्या मुलीला इतकी खाजगी कहाणी कोण सांगतो? डार्सीला आपण टाळणार नाही म्हणणारा विकहॅम डार्सी हजर असलेल्या नाचाच्या मेजवानीला नेमका आलाच नाही. डार्सीच्या वडिलांच्या आठवणीखातर डार्सीला उघडे पाडणार नाही असे विकहॅम म्हणाला होता, आणि डार्सीची मंडळी गाव सोडून जाताच तीच कहाणी सगळीकडे झाली. हे तिन्ही प्रसंग वाचकाच्या डोळ्यांदेखत घडलेले असतात. लेखिकेने काहीही दडवलेले नाही. तिने फक्त डार्सीचा अपमान आधी आणि विकहॅमची गोडी नंतर ठेवली, आणि दुखावलेल्या मनाला जे ऐकायचे असते तेच त्याच्या कानावर घातले.

दुसरे मोठे साधन निवेदक. जो गोष्ट सांगतो त्याच्यावर वाचक सहज विसंबतो. 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये रूढ केली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून लेखक हे साधन वापरत आले. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशी सहा माणसे आळीपाळीने बोलतात. यातले कोणी खोटे बोलत आहे असे नाही. प्रत्येकाच्या नजरेत कर्ण थोडा वेगळा उभा राहतो, आणि कौरवांच्या बाजूचा योद्धा म्हणून ज्याच्यावर शिक्का बसला होता त्याची पारख वाचकाला नव्याने करावी लागते.

तीन नाट्यगृहे, तीन टप्पे

वाशीतले विष्णुदास भावे नाट्यगृह ज्यांच्या नावाचे आहे, त्या भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' रंगवले. त्यांच्या पद्धतीच्या खेळांत पारख चुकायला वावच नव्हता. सूत्रधार गाऊन कथा सांगे, गणपती-सरस्वती येत, विदूषक हसवी, आणि राक्षस आरडाओरडा करतच रंगमंचावर उतरत. त्यांच्या त्या आरोळीवरून या खेळांना पुढे 'अललडुर्र' नाटके म्हटले गेले. रंगवलेला चेहरा, मुगुट आणि आवाज यांवरून पात्र भले की बुरे, हे शेवटच्या रांगेतल्यालाही पहिल्या क्षणी कळे. याला कोणी बाळबोध म्हणेल, पण बाह्यरूप आणि स्वभाव यांची अशी घट्ट गाठ आधी प्रेक्षकांच्या मनात बसली, म्हणूनच पुढच्या नाटककारांना ती सोडवून दाखवता आली.

ठाण्यात मासुंदा तलावाकाठी, तलावपाळीवर, १९७८ मध्ये उभे राहिलेले राम गणेश गडकरी रंगायतन आपल्याला दुसऱ्या टप्प्यावर आणते. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्येच रंगभूमीवर आले. तळीराम कोण आहे, हे प्रेक्षकाला लवकर कळते. त्याचे व्यसन झाकलेले नाही. पण पारख चुकते ती सुधाकराची. बुद्धिमान, तेजस्वी, बाणेदार वकील. असा माणूस दारूला भुलणार नाही, असे वाटते. गडकऱ्यांनी त्याचा ताठा गुण म्हणूनच आधी दाखवला आहे. कोर्टातल्या खटक्यानंतर वकिलीची सनद काही काळ जाते, आणि ज्या मानीपणाचे कौतुक वाटत होते त्याच मानीपणाला तो अपमान सोसत नाही. पहिला प्याला तिथे हातात येतो. खलनायक कोण, या प्रश्नापेक्षा सद्गुणाला तडा कुठे आहे, हा प्रश्न मराठी रंगभूमीवर इतक्या ताकदीने पहिल्यांदा इथे विचारला गेला, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरा टप्पा हिरानंदानी मेडोजमधल्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या नावाशी जोडलेला आहे. वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले' या नाटकातला लाल्या ही घाणेकरांची गाजलेली भूमिका. हेच कानेटकर १९८८ मध्ये ठाण्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. नाटकातले प्राध्यापक विद्यानंद ध्येयवादी, निष्कलंक. लाल्या बेताल, उर्मट विद्यार्थी. काळ पुढे सरकतो तेव्हा तुरुंगातून बाहेर आलेले विद्यानंद सूडाच्या वाटेला लागलेले असतात आणि लाल्या सन्मार्गाला. दोन्ही तराजू एकाच वेळी उलटे फिरतात. लाल्याच्या उद्धट बोलण्याला पिटातून शिट्ट्या पडत, पण त्या उद्धटपणात गुरूविषयीची ओढ सुरुवातीपासून मिसळलेली आहे. ती दिसली नाही तर त्याचे बदलणे केवळ चमत्कार वाटेल. नटाची कसोटी तिथेच लागते.

याच काळातले आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' (१९६२) मात्र वेगळ्या जातीचे. प्रभाकर पणशीकरांनी रंगवलेला लखोबा लोखंडे वेगवेगळ्या नावांनी घरोघर शिरतो, लग्ने करतो, पैसा लुबाडतो आणि कोर्टात 'तो मी नव्हेच' म्हणून हात झटकतो. फिरत्या रंगमंचामुळे त्याची रूपे झरझर बदलत. प्रेक्षक इथे फसत नाही, त्याला सगळे ठाऊक असते. रंगमंचावरची घरे का फसतात, हे तो बघत असतो. लखोबा प्रत्येक घराला हवा तसा जावई होऊन येतो, आणि हवा तसा जावई दारात उभा राहिल्यावर चौकशी करायची कोणाला सुचत नाही.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये तर पारखणारेच पारखले जातात. हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला लीला बेणारेवर खोटा खटला चालवतात. विनोदी, घरगुती वाटणारी ही माणसे तासाभरात तिला फाडून खातात. बेणारेविषयी आपले मत काय झाले, यापेक्षा त्या सभ्य चेहऱ्यांवर आपण सुरुवातीला हसलो होतो, ही जाणीव जास्त बोचते.

वाचक आणि प्रेक्षक

रहस्यकथेत ही रचना नियमासारखी पाळली जाते, त्यामुळे तिथे ती लवकर झिजते. सर्वांत कमी संशयास्पद तोच गुन्हेगार, हे वाचकाला पाठ झाले की तो कथा न वाचता पाने मोजू लागतो. रहस्यनाटकाच्या मध्यंतरात, रंगायतनच्या आवारात चहा आणि बटाटावडा हातात घेऊन 'तो नोकर काही सरळ वाटत नाही' असे तावातावाने सांगणारे प्रेक्षक हमखास भेटतात, आणि तो नोकर बहुतेक वेळा निर्दोष असतो. वाचनालयातल्या जुन्या प्रतींत पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणारे महाभागही असतात. हा खोडसाळपणा पुढच्या प्रत्येक वाचकाचा हक्क हिरावतो; त्याला स्वतः चुकायची संधीच उरत नाही.

दैनंदिन मालिकांनी या रचनेचे फार नुकसान केले. प्रेमळ सासू एका भागात कपटी होते, पुढच्या महिन्यात पुन्हा प्रेमळ, आणि आधीच्या कोणत्याच भागात त्याची खूण नसते. पात्र बदलत नाही, फक्त कथेला वळण हवे असते म्हणून त्याच्यावर दुसरा स्वभाव चिकटवला जातो.

जुना दोष आणि नवे शहर

लेखकाची स्वतःची पारख चुकते तेव्हा प्रश्न गंभीर होतो. व्यंग, काळा रंग, गावंढळ बोली, व्रण यांना दुष्टपणाची खूण मानणे जुन्या कथांत सर्रास आढळते. पुढे तेच उलटे करून कुरूप माणूस हटकून सोन्याच्या मनाचा दाखवला की दोष मिटला, असे काहींना वाटते. तो मिटत नाही. दोन्हीकडे माणसाचे शरीर चिन्ह म्हणूनच वापरलेले असते.

जुन्या मराठी कथेत माणूस पारखायची रीत ठरलेली होती : गाव कोणते, घराणे कोणाचे, मामा कोण. वाड्यात आणि चाळीत ही माहिती आपोआप मिळे. सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या नवी मुंबईत सेक्टरांतल्या इमारतींत शेजारी राहायला आलेला माणूस कुठून आला, हे कोणालाच ठाऊक नसते. दारावरची पाटी, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे दोन निरोप आणि वॉचमनचे मत, एवढ्यावर त्याच्याविषयी समज तयार होतो. चुकलेल्या पारखीच्या कथेला यापेक्षा सुपीक जमीन शोधून सापडणार नाही.

त्या जमिनीचे मूळ मालक मात्र कथांत क्वचित नीट येतात. आगरी-कोळी गावांवर हे शहर उभे आहे, आणि आगरी बोलीचा मोकळा, चढा सूर सवय नसलेल्या कानाला भांडणासारखा वाटतो. बऱ्याच लिखाणात आगरी पात्र भांडकुदळ म्हणून येते आणि तसेच निघून जाते. इथे वाचकाची पारख चुकवायची असेल तर लेखकाला ती बोली पुरती यायला हवी, कारण पुराव्याच्या खुणा त्या बोलण्यातच पेराव्या लागतात. मासळीवाली गिऱ्हाइकावर खेकसते तेव्हा ते खेकसणे कुठे संपते आणि घरच्यासारखी दटावणी कुठे सुरू होते, हे तिच्या दोन वाक्यांत ऐकू आले पाहिजे. भाव पाडून मागणाऱ्याला झिडकारताना शिळा तुकडा तिने मुकाट बाजूला सारलेला असावा, आणि तो प्रसंग पहिल्या वाचनात कोणाच्या लक्षात येऊ नये.